रात्री कुणाला उठवायचं?

रास तनुरात रात्रीचे साडेअकरा वाजतात, तेव्हा रत्नागिरीत दोन वाजलेले असतात. सौदी अरेबियाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या चिंचोळ्या भूशिरावर १ मे १९३९ रोजी राजा अब्दुल अझीझ यांनी झडप उघडली आणि सौदी तेलाचं पहिलं जहाज भरू लागलं. १९४५ मध्ये इथं तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. आज त्याची क्षमता दिवसाला साडेपाच लाख पिंपांची आहे. असा कारखाना रात्री थांबत नाही. नळ्यांमधला दाब, टाक्यांमधली पातळी, भट्ट्यांचं तापमान यांवर हजारो सेन्सर नजर ठेवून असतात, आणि कंट्रोल रूममध्ये रात्रपाळीची माणसं पडद्यांसमोर जागी असतात.

आखातात नोकरीला जाण्याची वाट कोकणाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. तिथं गेलेल्या अनेकांचे आईवडील गावाकडे आता सत्तरी-ऐंशीत आहेत. भारतात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख माणसं डिमेन्शियासह (स्मृतिभ्रंशासह) जगत असावीत, असा देशव्यापी पाहणीवर आधारलेला अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. या आजाराचा दिवस कसाबसा निभावतो. घरच्यांना थकवते ती रात्र. वडील दोनला उठून कडी काढतात. आई ट्रंक भरायला बसते आणि चाळीस वर्षं नांदलेल्या घरात उभी राहून म्हणते, ‘मला घरी सोडा.’ शेजारच्या खोलीतली सून किंवा मुलगी कान टवकारून अर्धवट झोपते. कित्येक महिने, कधी कित्येक वर्षं.

या रात्रीसाठी माणसानं जी साधनं घडवली आहेत, ती थक्क करणारी आहेत. गादीखालून हृदयाचा ठोका टिपणारी पट्टी आहे, अंधारात अंगाची ऊब ओळखणारा डोळा आहे, छातीची मिलिमीटरभर हालचाल मोजणारा रडार आहे. पण या सगळ्यांपुढे प्रश्न एकच आहे, आणि तो रिफायनरीच्या कंट्रोल रूमलाही सुटता सुटत नव्हता: नेमकं कुणाला, केव्हा उठवायचं?

मेंदूतलं घड्याळ

आधी रात्र बिघडते का, ते पाहू. दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू मेंदूत जिथे एकमेकांना ओलांडतात, त्याच्या अगदी वर सुमारे वीस हजार पेशींचा पुंजका आहे. आकार तांदळाच्या दाण्याएवढा. झोप, शरीराचं तापमान, भूक, संप्रेरकं या सगळ्यांचं वेळापत्रक तो सांभाळतो. गंमत अशी की हे घड्याळ मुळातच किंचित मागे पडणारं आहे. माणसाला दिवस-रात्रीची कोणतीही खूण मिळू दिली नाही, तर त्याचा अंतर्गत दिवस सरासरी २४ तास आणि सुमारे १० मिनिटांचा भरतो. म्हणजे ते रोज लावावं लागतं. ते लावतो सूर्य.

तो कसा लावतो, हे कळायला एकविसावं शतक उजाडावं लागलं. आपल्या डोळ्यांत चित्र पाहणाऱ्या पेशींखेरीज काही पेशी अशा आहेत, ज्या फक्त ‘उजेड किती आहे’ एवढंच मोजतात आणि थेट त्या घड्याळाला कळवतात. ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात. दृष्टी गेलेल्या काही माणसांमध्येही त्या काम करत राहतात.

डिमेन्शियाचाच एक प्रकार असलेल्या अल्झायमरमध्ये या घड्याळाच्या पेशीच झडू लागतात. त्यातच म्हातारपणी डोळ्याचं भिंग पिवळं पडतं आणि नेमका निळसर प्रकाशच अडवू लागतं. त्यावर आणखी भर घरात बसून राहण्याची. रास तनुराच्या उन्हाळ्यात बाहेर डोळे दिपवणारं ऊन असतं, भर दुपारी एक लाख लक्सच्या (लक्स हे उजेडाचं एकक) आसपास. पण पारा चाळिशीच्या वर जात असल्यानं माणसं पडदे ओढून एसीत बसतात आणि खोलीत जेमतेम दोनतीनशे लक्स उजेड उरतो. व्हिसावर मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांचं तर आवारही सुटतं आणि शेजारही. मुंबईच्या फ्लॅटमधला आतल्या खोलीतला पलंग याहून फार वेगळा नसतो. लख्ख दिवस मिळाला नाही की घड्याळ लागत नाही. मग दुपारी डुलक्या, तिन्हीसांजेला घालमेल आणि मध्यरात्री टक्क जाग.

त्या जागेपणी मेंदूला आणखी एक अडचण असते. नव्या आठवणी आधी पुसल्या जातात, जुन्या पुष्कळ टिकतात. अंधारात डोळे उघडले की खोली अनोळखी वाटते आणि लहानपणीचं अंगण मात्र ओळखीचं असतं. ‘घरी सोडा’ या हट्टामागे बहुतेक वेळा हे असतं.

गादीखाली ऐकू येणारं हृदय

१८७७ मध्ये गॉर्डन नावाच्या संशोधकानं एक विलक्षण गोष्ट टिपली. नाजूक वजनकाट्यावर माणूस स्तब्ध उभा राहिला, तरी काटा थरथरतो, आणि तो हृदयाच्या ठोक्याबरोबर थरथरतो. कारण न्यूटनचा तिसरा नियम. हृदय प्रत्येक ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त महारोहिणीत फेकतं आणि तेवढ्या धक्क्यानं अख्खं शरीर उलट दिशेला किंचित हलतं. आपण आयुष्यभर, क्षणाक्षणाला असे हिंदकळत असतो आणि आपल्याला पत्ताही नसतो. १९३०च्या दशकात अमेरिकेत आयझॅक स्टार यांनी अधांतरी टांगलेल्या पलंगावर माणसाला झोपवून ही थरथर कागदावर उतरवली.

आता त्या पलंगाची जागा एका पातळ पट्टीनं घेतली आहे. १८८० मध्ये क्युरी बंधूंनी दाखवून दिलं होतं, की काही स्फटिक दाबले की त्यांत वीज उमटते. त्याच तत्त्वावरचा पडदा गादीखाली सरकवला, की कापसाच्या थरातूनही ठोका, श्वास आणि कूस बदलणं वेगवेगळं ओळखता येतं. अंगाला वायर नाही, मनगटाला पट्टा नाही. जपानच्या वृद्धाश्रमांत अशा गादीखालच्या पट्ट्या २००९ पासून वापरात आल्या. आपल्याकडे आयआयटी मुंबईत शिकलेले मुदित दंडवते आणि त्यांचे सहकारी गौरव पारचानी यांनी २०१५ मध्ये बेंगळुरूत उभारलेली ‘डोझी’ याच तत्त्वावर चालते. कोविडकाळात ती अनेक रुग्णालयांत पोहोचली.

डिमेन्शियाच्या रात्रीसाठी या पट्टीचं मोल ठोका मोजण्यापुरतं नाही. माणूस उठून बसण्याआधी चुळबुळ वाढते, श्वासाची लय बदलते, वजन कडेला सरकतं, आणि मग पट्टी रिकामी होते. पाय जमिनीला लागण्याआधीचे हे काही क्षण फार मोलाचे, कारण पडणं पुष्कळदा पलंग ते संडास या वाटेवरच होतं.

अंधारातली चाहूल

काही घरांत पलंगच नसतो. आजी सतरंजीवर झोपते. तिथे दुसरी साधनं कामाला येतात. भिंतीवर लावायचा पांढरा ठिपक्यासारखा मोशन सेन्सर मुळात उजेड पाहतच नाही. आपलं शरीर सतत अवरक्त किरण फेकत असतं आणि त्यांचा जोर साडेनऊ मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक असतो. सेन्सरमधल्या स्फटिकाचे दोन भाग ही ऊब वेगवेगळी मोजतात. ऊब एका भागाकडून दुसऱ्याकडे सरकली, म्हणजे कुणीतरी चाललं. म्हणूनच स्तब्ध बसलेला माणूस त्याला दिसत नाही आणि पंख्यानं हलणारा पडदा सहसा फसवत नाही.

दारासाठी तर याहून साधी युक्ती आहे. काचेच्या नळीत लोखंडी पात्यांची एक जोडी आणि दाराला एक चुंबक. दार लोटलं की चुंबक दूर जातो, पाती सुटतात, घंटा वाजते. हा स्विच १९३६ मध्ये बेल लॅबमधल्या वॉल्टर एलवूड यांनी शोधला. आज तो अगदी थोड्या पैशांत मिळतो आणि कडीच्या आवाजाला कान देऊन झोपणाऱ्या बाईच्या कानांवरचं ओझं उतरवतो.

सगळ्यांत नवं साधन म्हणजे रडार. ६० गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींची लांबी असते फक्त ५ मिलिमीटर. झोपलेल्या माणसाची छाती १ मिलिमीटर वर आली, तर लहरीच्या जाण्यायेण्याच्या वाटेत २ मिलिमीटरांचा फरक पडतो, म्हणजे लहरीच्या लांबीचा दोन पंचमांश भाग. एवढा फरक यंत्राला सहज कळतो. त्यामुळे पांघरूण असो, मच्छरदाणी असो, कॅमेऱ्याशिवाय श्वास मोजता येतो आणि उभी आकृती अचानक जमिनीलगत गेली तर माणूस पडला हेही कळतं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये दिना कताबी यांच्या गटानं तर भिंतीपलीकडच्या माणसाचा श्वास रेडिओलहरींनी मोजून दाखवला आहे.

आणि एक शोध एका शाळकरी मुलाचा. न्यू यॉर्कचा केनेथ शिनोझुका. आजोबांना अल्झायमर, रात्री भटकण्याची सवय, आणि त्यांच्यामागे जागून दमलेलं घरचं माणूस. एका रात्री आजोबांचं पाऊल पलंगावरून जमिनीला टेकताना त्यानं पाहिलं आणि त्याला सुचलं, की दाब ओळखणारा पातळ सेन्सर मोज्याच्या टाचेलाच लावला तर? पाऊल टेकताच सांभाळणाऱ्याच्या मोबाइलवर इशारा. २०१४ मध्ये, पंधराव्या वर्षी, या मोज्यासाठी त्याला सायंटिफिक अमेरिकनचा ५० हजार डॉलरचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडच्या अनवाणी घरांत मोजा चालणार नाही. पण ज्या बारकाईनं त्या मुलानं एका पावलाकडे पाहिलं, ती बारकाई कुठल्याही घरात चालेल.

२७५ घंटा

साधनं एवढी अचूक असताना अडतं कुठे? उत्तरासाठी पुन्हा रिफायनरीकडे जाऊ. २४ जुलै १९९४ रोजी वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथल्या रिफायनरीत स्फोट झाला. चौकशीत निघालं, की स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. त्या सगळ्या गलक्यात महत्त्वाचं काय, ते ऐकूच आलं नाही. यातून जगभरच्या तेल-उद्योगानं धडा घेतला. १९९९ मध्ये आलेल्या एका ब्रिटिश मार्गदर्शिकेनं मोजमाप घालून दिलं: एका ऑपरेटरला सर्वसाधारण वेळी दहा मिनिटांत सरासरी एकाहून जास्त अलार्म येता कामा नये, आणि ज्या अलार्मवर माणसानं काही करायचंच नाही, तो अलार्मच नव्हे.

आता हेच माप रुग्णाच्या खाटेला लावून पाहा. अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या १६ विभागांत, २७ हजारांहून अधिक रुग्णांवर खाटेच्या अलार्मची पद्धतशीर चाचणी झाली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष आले. अलार्मचा वापर वाढला; पडण्याचं प्रमाण मात्र लक्षणीय कमी झालं नाही. याउलट फ्लोरिडा विद्यापीठाच्या मेरेडिथ रो यांनी घराघरांत रात्रीची देखरेख यंत्रणा बसवली. ५३ कुटुंबं, वर्षभराचा काळ. २००९ मध्ये त्यांनी नोंदवलं, की यंत्रणा असलेल्या घरांत रात्री दुखापत होण्याची किंवा माणूस एकटाच बाहेर निघून जाण्याची शक्यता ८५ टक्क्यांनी कमी होती.

घरांतली चाचणी छोटी आहे, ठिकाणंही वेगळी, तरी दोन निकाल शेजारी ठेवले की मला फरक दिसतो तो माणसाचा. वॉर्डात एका परिचारिकेमागे अनेक खाटा असतात आणि घंटा ऐकून धावत येईपर्यंत रुग्ण उठलेला असतो. घरात एका माणसासाठी एक माणूस शेजारच्या खोलीत असतो आणि घंटा नेमकी त्याच्यासाठी असते. पण नुसती साधनं घरातही पुरत नाहीत: ब्रिटनमध्ये ४९५ जणांवर झालेल्या मोठ्या चाचणीत घरी साधनांचा पूर्ण संच दिला म्हणून डिमेन्शियाची माणसं स्वतःच्या घरात अधिक काळ राहू शकली, असं दिसलं नाही. यंत्र चाहूल घेतं. काठाशी बसून ‘काय झालं गं आई’ म्हणणारं कुणी नसेल, तर त्या चाहुलीचा उपयोग नाही.

उठवण्याऐवजी निजवणारी साधनं

म्हणून काही संशोधकांनी प्रश्नच उलटा केला: घंटा वाजवून तिसऱ्याला उठवण्यापेक्षा, जागं झालेल्या माणसालाच पुन्हा झोपायला मदत केली तर? उत्तर आयर्लंडमधल्या अल्स्टर विद्यापीठानं ‘नॉक्टर्नल’ या प्रकल्पात हाच विचार केला. माणूस अस्वस्थ झाल्याचं सेन्सरना कळलं, की उशाशी मंद दिवा लागावा, ओळखीचं संगीत सुरू व्हावं, घरच्यांचे फोटो दिसावेत. आपल्याकडे हे किती सहज जमेल! ज्या आईनं आयुष्यभर भजनं ऐकली, तिच्यासाठी तीच भजनं हळू आवाजात लागावीत. नातवाच्या आवाजात रेकॉर्ड केलेलं ‘आजी, तू घरीच आहेस, सकाळी चहा पिऊ’ हेही पुरेल.

उजेडाचं शास्त्र इथे पुन्हा कामी येतं. रात्री डोळ्यांतल्या त्या उजेड मोजणाऱ्या पेशींना डिवचायचं नसेल तर पांढरी ट्यूब नको, निळ्या रंगाचा झिरोचा बल्बही नको. पिवळसर-तांबूस दिवा हवा, तोही खाली, जमिनीलगत. अमेरिकेतल्या संशोधक मारियाना फिगेरो यांनी दाराच्या चौकटीभोवती अशा मंद पिवळ्या दिव्यांच्या उभ्या-आडव्या रेषा लावून पाहिल्या. अंधारात उठणाऱ्या वृद्धांना उभं-आडवं कळलं की तोल सावरायला मदत होते, असं त्यांना आढळलं. पलंगापासून संडासापर्यंत अशी एक दिव्यांची माळ मोशन सेन्सरला जोडली, की उठणाऱ्याला वाट आपोआप दिसते आणि कुणालाच उठावं लागत नाही.

रात्रीचं एक साधन मात्र दिवसा लावायचं असतं. नेदरलँड्समधल्या १२ वृद्धनिवासांत १८९ जणांवर झालेला आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. काही निवासांच्या बैठकीच्या दालनांत दिवसभर सुमारे एक हजार लक्स उजेड ठेवला. तिथल्या लोकांच्या बौद्धिक घसरणीचा वेग थोडा कमी झाला आणि उदासीची लक्षणं १९ टक्क्यांनी घटली. एक हजार लक्ससाठी आपल्याला वेगळे दिवे लागत नाहीत. सकाळच्या ओसरीवर याच्या कित्येक पट उजेड फुकट मिळतो.

दोन देश, एक रात्र

रास तनुरातल्या मुलाला यातून काय करता येईल? घड्याळ त्याच्या बाजूनं आहे. गावाकडे रात्रीचे अडीच वाजतात, तेव्हा तिथं बारा. घरी झोपणाऱ्या बायकोला किंवा बहिणीला रात्रीचा पहिला अर्धा भाग निर्धास्त झोप मिळावी, म्हणून पहिला इशारा त्याच्या मोबाइलवर यावा. उशाजवळच्या स्पीकरवरून त्यानं आईशी बोलावं. तेवढ्यानं भागलं नाही तरच घरच्यांना फोन लावावा. अडीचनंतर पाळी बदलावी. कारखान्यात तो पाळी कशी सोपवतो, काय घडलं ते पुढच्याला कसं सांगतो, हे त्याला शिकवावं लागत नाही.

काही पथ्यं मात्र पाळायला हवीत. कोकणात पावसाळ्यात वीज जाते आणि तिच्याबरोबर वायफाय. म्हणून इंटरनेटवर अवलंबून नसलेली, बॅटरीवर वाजणारी एक बिनतारी घंटा घरात असावीच. बाहेरून कुलूप लावून माणसाला कधीही कोंडू नये. आग लागली तर बाहेर पडता येणार नाही. झोपायच्या खोलीत कॅमेरा लावण्याआधी दहादा विचार करावा. कपडे बदलणाऱ्या, कमोडवर बसलेल्या आईकडे परदेशातल्या पडद्यावरून कुणी पाहावं, हे तिला शहाणपणाच्या दिवसांत चाललं असतं का? गादीखालची पट्टी आणि दाराची घंटा हेच काम तिची लाज राखून करतात. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल, तर तिलाच विचारावं. ती सांगू शकते.

आणि रात्रीचं भटकणं एकाएकी वाढलं, तर नवं यंत्र मागवण्याआधी डॉक्टरांना गाठावं. लघवीतला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, सांध्यांचं दुखणं किंवा नव्यानं सुरू झालेलं औषध यांनी डिमेन्शियाचा माणूस एका रात्रीत वेगळाच वागू लागतो. झोपेच्या गोळ्या स्वतःच्या मनानं देऊ नयेत. त्यांनी तोल जातो आणि पडण्याचा धोका वाढतो.

हे वाचून कुणाला लगेच काही विकत घ्यावंसं वाटलं, तर एक विनंती आहे. आधी आठवडाभर उशाशी वही ठेवा. किती वाजता जाग आली, कशासाठी, कुठे निघाले, कशानं शांत झाले, आणि त्या रात्री सांभाळणाऱ्याला किती झोप मिळाली, एवढंच लिहा. संडासासाठी उठत असतील तर दिव्यांची माळ घ्या, दाराकडे जात असतील तर चुंबकाची घंटा, नुसतेच घाबरत असतील तर ओळखीचा आवाज. यातलं बहुतेक गावच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतं. मदत किंवा माहिती हवी असेल तर ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय क्रमांक १४५६७ आहे आणि मानसिक आरोग्यासाठीचा १४४१६. जो रात्रभर जागतो, त्याला पहिला फोन करू द्या. किंवा त्याच्या वतीनं आजच तुम्ही करा.